दहा मिनिटं

वसमत रोडला माझं दुकान.
झेरॉक्स, आधार, पॅन, पीक विमा, लॅमिनेशन,
आणि पाटीच्या कोपऱ्यात, उरलेल्या जागेत
पेंटरनं कसंबसं बसवलेलं
आखूड शेपटाचं एक विमान.

ते विमान बघूनच आत आले
विश्वंभर कच्छवे आणि शिवकांता.
साडूच्या घराची वास्तुशांती, बंगळूरला.
नांदेडहून जायचं, चार दिवसांनी यायचं.
लेकरू त्यांनी झेरॉक्सच्या मशीनवर बसवलं.
काच गरम होती. ते हसलं.

हिची जन्मतारीख?
घड्या पडून चार तुकडे झालेला दाखला
त्यांनी काउंटरवर नीट जुळवून मांडला.
स्वरांजली. अठरा तारीख.
परतीचं विमान, अठराच.

आता हे सांगावं कसं.
म्हणलं, जाताना ही मांडीवर. मांडीचे साडेसतराशे.
येताना दोन वर्षं पूर्ण,
मग सीट, मग तुमच्याएवढंच तिकीट :
पाच हजार नऊशे बारा.

"कामून? चार दिवसांत किती वाढंल ती?"
"अर्धं नसतंय का इमानात?"
नसतं दादा.
मांडी असते, नाहीतर माणूस.

शिवकांता इतका वेळ गप्प होती.
म्हणाली, ही अठराची नाहीच.
बारा वाजून गेले होते रात्रीचे.
दवाखान्यातलं घड्याळ दहा मिनिटं मागं,
सिस्टरनं भिंतीकडं बघून लिहिलं.
मला कुणी विचारलंच नाही.
मी तर तिथंच होते.

मला एकदम जिंतूरची गाडी आठवली.
कंडक्टर दोन सीटं मागं असतानाच
बाप दंडाला धरून पुटपुटायचा :
गुडघ्यात वाक. तोंड उघडू नको.
(पुढचे दात पडले होते.)
मी सलग तीन वर्षं साडेचार वर्षांचा होतो.
कंडक्टर माझ्याकडं बघायचा,
मग बापाच्या चपलांकडं,
आणि पंच टकटक वाजवत पुढं सरकायचा.

स्क्रीनला चपला दिसत नाहीत.

सतराला या, मी म्हणालो.
सतराचं तिकीट माणशी दोन हजारानं महाग.
शेजारी बसायचं तर त्याचे आणखी वेगळे.
विश्वंभरनं माझ्या रद्दी कागदावर
तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा वेगळी आली.
मग पेन ठेवून म्हणाला,
टाका. होऊ द्या तिला माणूस.

मी टाइप केलं.
जाताना तिचं नाव आईच्या नावाखाली,
बारीक अक्षरात.
येताना स्वतंत्र ओळ, कुमारी, चौदा बी.
प्रिंट काढायला लेकराला मशीनवरून उचललं
तर काचेवर दोन ओल्या गोल खुणा.
पुसल्या. पैसे घेतले. माझे शंभर लावले नाहीत.
(पन्नास लावले.)

महिन्यानं शिवकांता आली, आधारला पत्ता बदलायला.
विचारलं, कसं झालं विमान?

ढग खाली होते म्हणाली, दुसरं काय.
जाताना पोरगी मांडीवर टिकंना,
सारखी शेजारच्या माणसाची जागा मागायची.
आणि येताना, बाई पट्टा बांधून गेली,
दिवा विझला
की पोरगी सरळ मांडीवर.
नांदेड यायला आलं तवर झोपली होती.

मग ती जागा?

रुमाल टाकला, ती म्हणाली.
सवयीनं.
आणि स्वतःच इतकी हसली
की अंगठ्याचा ठसा तीनदा घ्यावा लागला.